इका

पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आतल्या बाजूला
मार्करने एक अक्षर काढते. खोडते. परत काढते.
'नु' की 'मे'?
शेपटीला एक गाठ जास्त, एवढाच फरक.
रात्रपाळी सरत आलीय. मिरकरवाड्याकडून
डिझेलचा वास आणि होड्यांची फटफट,
आणि माझ्या पाठीशी ती येऊन बसलेलीच आहे,
न बोलावता.

'एकोणपन्नास वर्षांची तू.
दहावीला इंग्रजीत बत्तीस.
आणि आता जपानी! कुणाला सांगू नकोस हो, हसतील.'

लिलावातल्या दलालासारखी आहे ती.
टोपली अजून होडीतून उतरत नाही
तोवर ही भाव पाडून मोकळी:
'सगळा कचरा आहे, दोनशेच्या वर जाऊ नका.'
होडी माझी, टोपली माझी,
आणि बोंब मारणारी तीही मीच, असं मी समजत होते.

पण तो आवाज माझा नव्हे.
चौथीच्या बाईंचा आहे.

'माझी आई' या निबंधात मी लिहिलं होतं,
माझी आई मासे इकते.
बाईंनी 'इ'वर लाल फुली मारली, वर 'वि' काढला.
शंभर वेळा लिहून आण.
आणलं. वि वि वि वि, बोट काळंनिळं होईतो.
आई टोपली धुवून घरात आली, म्हणाली,
बाय माजी, काय लिवतंस?
मी पान झाकलं.
तेव्हापासून आईशी बोलतानाही
आधी मनात एक लाल रेघ.

मार्चमध्ये निशिमुरा आले, माल तपासायला.
गमबूट दोन नंबर मोठे, डोक्यावर आमचीच जाळीची टोपी.
बिल्ल्यावरचं 'विमल' कुणीतरी वाचून दाखवलं.
ते वाकून म्हणाले, 'बिमारु-सान.'
टेबलावरच्या सगळ्या पोरी फिस्सकन हसल्या.
रेहानाच्या हातातला मासाच सुटला.
बिमारू! ना ताप, ना खोकला.
त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. 'बि'च आला.
तिसऱ्यांदाही 'बि'.
मी वाट बघत राहिले, आता म्हणतील,
माझी जीभच जड, या वयात कसलं जमतंय.
नाही म्हणाले.
आतल्या आतही म्हणाले नसावेत,
चेहऱ्यावर काही सांडलेलं दिसलं नाही.
शेपटीला धरून उचलावं तसं वाकडंतिकडं उचललं नाव,
पण माझ्यापर्यंत आणून दिलं.

मग ट्रेकडे बोट करून म्हणाले, 'इका.'

मला वाटलं, विकायला सांगतायत.
त्यांनी एक म्हाकूल उचललं, दहाही पाय हलवून दाखवले,
'इका. इका.'

म्हणजे एका अख्ख्या देशात
आईच्या टोपलीतल्या म्हाकुळाला
आईच्याच तोंडचा शब्द,
आणि 'व' तिथे कुणालाच नको होता.

योगायोग आहे, कळतं मला.
दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही.
तरी मी शीतगृहात गेले, दार ओढून घेतलं
आणि वजा अठरा अंशांत मोठ्याने म्हटलं,
इका. माझी आई मासे इकते.
इकायची.
तोंडातून पांढरी वाफ निघाली,
तिच्यावर कुणी फुली मारली नाही.

ती अजून येते. कालही आली.
'नु'ची गाठ सुटली तशी तोंड उघडलंच तिने.
मी म्हटलं, बाई, आधी टोपी घाला,
उघड्या केसांनी इथे यायची बंदी आहे.
ती टोपी शोधत बसली,
तेवढ्यात माझी एक ओळ झाली.

ते चुकीचं खोकं मात्र सापडत नाही.
पहाटेच्या कंटेनरमध्ये गेलं असणार.
तिकडे कुणीतरी उघडेल, बर्फ झटकेल,
आत बघेल खोडलेली अकरा अक्षरं,
बारावं न खोडलेलं, तेही बहुतेक चुकलेलं,
आणि काहीतरी म्हणेल,
मला अजून न कळणारं.